केदारेश्वराचा चौथा खांब

माझ्या आजीचे माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूरच्या बाजूला. हरिश्चंद्रगडाला ती कधी गड म्हणत नाही. 'हरिश्चंद्राला जायचं' असेच म्हणते, जसे कुणी घरच्या वडीलधाऱ्या माणसाकडे जावे. लहानपणी ती महाशिवरात्रीच्या जत्रेला आपल्या वडिलांबरोबर पायी गेली होती. त्या प्रवासातले बाकी सगळे आता तिच्या आठवणीतून पुसट झाले आहे. पण गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढे पाणी होते, पाण्याच्या मधोमध महादेवाची मोठी पिंड होती आणि पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत होता, एवढे ती कुणीही विचारले तरी त्याच शब्दांत सांगते. त्यापुढचे वाक्यही ठरलेले आहे. "सत्ययुग संपलं तेव्हा पहिला गेला, त्रेता संपलं तेव्हा दुसरा, द्वापार संपलं तेव्हा तिसरा. चौथा गेला की कलियुग संपलं."

ही कथा मी इतक्या लहानपणापासून ऐकत आले की तो खांब माझ्या मनात एखाद्या आजारी नातेवाइकासारखा घर करून होता. जोराचा पाऊस झाला, कुठे भूकंपाची बातमी आली, की त्याची आठवण यायची. तरीही तिथे जाणे होत नव्हते. शेवटी यंदा माघात आईने मनावर घेतले. आई त्रेसष्ट वर्षांची आहे आणि तिच्या आईने पाहिलेली गुहा आपण अजून पाहिली नाही, याची तिला रुखरुख लागली होती. आजीला आता गुडघ्यांमुळे अंगणापलीकडे चालवत नाही. तिच्याच घरी आदल्या रात्री मुक्काम करून आम्ही दोघी पहाटे गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावाला निघालो.

गडावर जायच्या वाटा अनेक आहेत. पुणे जिल्ह्यातल्या खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट पुष्कळांच्या परिचयाची आहे, आणि बेलपाड्याहून थेट कड्याच्या अंगाने चढणारी नळीची वाट कसलेल्या भटक्यांची. पाचनईची वाट त्या मानाने सौम्य आहे, म्हणून आम्ही तीच निवडली. गावातून थोडे चढून गेले की वाट एका प्रचंड कातळाच्या पोटाखालून आडवी जाऊ लागते. डोक्यावर खडक छपरासारखा पुढे आलेला असतो, एका हाताला दरी उतरत जाते आणि पावसाळ्यात जिथून पाणी कोसळते त्या जागी हिवाळ्याच्या शेवटी फक्त काळसर ओघळ उरलेले असतात. पुढे झाडी लागते, ओढ्याचे पात्र दोन-तीनदा ओलांडावे लागते. हा ओढा म्हणजेच मंगळगंगा. गडावर उगम पावणारी ही नदी आपल्यासोबत उलट्या दिशेने चालत असते. आईला दम लागे तिथे आम्ही बसत होतो. एरवी जे अंतर दोन तासांत संपते, त्याला आम्हाला सव्वातीन तास लागले.

माथ्यावर पोचल्यावर पहिल्यांदा देऊळ दिसत नाही, कारण ते एका खोलगट जागेत, प्राकाराच्या भिंतीआड दडलेले आहे. आपण जवळ जातो आणि मग हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव शिखर एकदम समोर उभे राहते. तळापासून सुमारे सोळा मीटर उंचीचे हे मंदिर, भोवतीच्या कातळात खोदलेल्या गुहा आणि थंडगार पाण्याची टाकी हे सगळे एकाच काळ्या दगडातून जन्मलेले असल्यामुळे कुठे बांधकाम संपते आणि कुठे डोंगर सुरू होतो, हे चटकन कळत नाही. देवळाच्या पुढे सप्ततीर्थ पुष्करणी आहे. तिच्या एका काठाला ओळीने चौदा देवळ्या आहेत. पूर्वी त्यांत विष्णूच्या मूर्ती होत्या, आज त्या रिकाम्या आहेत.

इथल्या डोंगराला नाव मिळाले ते सत्यवचनी राजाचे. स्वप्नात दिलेल्या दानासाठी राज्य सोडणारा, काशीच्या स्मशानात डोंबाची चाकरी पत्करणारा हरिश्चंद्र, त्याची राणी तारामती आणि मुलगा रोहिदास ही तिन्ही नावे गडाच्या तीन शिखरांना आहेत. तारामती हे त्यांतले सर्वांत उंच, चौदाशे मीटरांहून अधिक. मला यात फार मोठे औचित्य वाटते. ज्या कुटुंबाची कथेत ताटातूट झाली, बाजारात विक्री झाली, त्याला लोकांनी इथे एकाच डोंगरावर, एकमेकांना दिसतील अशा अंतरावर कायमचे बसवून ठेवले आहे.

गडाशी जोडलेले दुसरे नाव चांगदेवांचे. चौदाशे वर्षांचे आयुष्य लाभलेले, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघालेले चांगदेव महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाहीत? ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना काय घालावा हे न सुचल्यामुळे त्यांनी कोराच कागद पाठवला, आणि लहानग्या मुक्ताबाईने 'चौदाशे वर्षे होऊनही हा कोराच राहिला' असे म्हटले. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले, तीच चांगदेव पासष्टी. पुढे याच चांगदेवांनी मुक्ताबाईला गुरू केले. हरिश्चंद्रगडावर त्यांनी तप केले आणि शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ मध्ये, 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथेच लिहिला, असे मानले जाते. गडावर देवळाच्या परिसरात त्यांचे नाव सांगणारे शिलालेखही आहेत. वयाचा आणि सिद्धींचा अभिमान गळून पडल्यावर माणसाने बसायला अशी जागा निवडावी, हे मला अगदी पटते.

केदारेश्वराची गुहा देवळापासून थोड्याच अंतरावर, ओढ्याच्या अंगाला आहे. भर पावसाळ्यात पाण्याचा लोंढा तोंडावरून वाहत असतो, तेव्हा आत शिरणे शक्य नसते. आम्ही पोचलो तेव्हा उजेड तिरपा आत पडला होता, त्यामुळे पाण्याचा हिरवट पारदर्शक थर आणि त्याखालचा खडकाचा तळ दोन्ही दिसत होते. गुहा साधारण तीस फूट लांब आणि तेवढीच रुंद असावी. मधोमध चौथरा, त्यावर भली मोठी पिंड, आणि चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांशी ते चार खांब, किंवा खरे तर एक खांब आणि तीन खांबांच्या खुणा.

मी बराच वेळ त्या खुणांकडेच पाहत होते. लेण्यातला खांब कुणी आणून उभा केलेला नसतो. कारागीर भोवतीचा खडक फोडून बाहेर काढत जातात आणि जेवढा राखून ठेवतात तेवढा खांब होतो. म्हणजे हे चारही खांब एके काळी तळाच्या आणि छताच्या खडकाशी सलग एकजीव होते. तीन खांब गेले तरी छत खाली आलेले नाही. सह्याद्रीचा हा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, लाव्ह्याच्या थरांवर थर साचून, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी घडला. त्याच्या भेगांतून आणि दोन थरांमधल्या सांध्यांतून पाणी सतत झिरपत असते. तेच पाणी या गुहेत वर्षभर साचून राहते, त्याला ऊन लागत नाही आणि म्हणूनच ते भर उन्हाळ्यातही अंग गोठवते. खांबांचे बुडखे शतकानुशतके त्या पाण्यात उभे आहेत. ज्या पाण्यामुळे ही जागा पवित्र ठरली, त्याच पाण्याने खांब पोखरले असावेत, असे मला तिथे उभी असताना वाटले. युगांची कथा ज्याने पहिल्यांदा सांगितली, त्याने हे झिजणे नक्कीच पाहिले असणार. फक्त ते मोजायला त्याने वर्षांऐवजी युगे वापरली.

आईने चपला काठावर काढल्या, देवाला नमस्कार केला आणि सलवार-कमीजसकट पाण्यात उतरली. मी तिचा हात धरला होता, तरी पहिल्या पावलाला तिच्या तोंडून शब्द फुटेना. गारठा आधी पोटऱ्यांत, मग मांड्यांत शिरतो आणि कमरेशी पोचेपर्यंत पाय आपले राहत नाहीत. तळ ओबडधोबड असल्यामुळे प्रत्येक पाऊल चाचपून टाकावे लागते. पिंडीभोवतीची प्रदक्षिणा एरवी मिनिटाभराची. इथे ती पूर्ण व्हायला चांगलाच वेळ लागला, आणि त्या वेळात दुसरा कुठलाही विचार मनात आला नाही. देवळात हजार वेळा प्रदक्षिणा घातल्या, पण प्रदक्षिणा म्हणजे काय ते मला याच पाण्यात समजले.

आमच्या पुढे गावातल्या एक मावशी होत्या. देवळाजवळ त्यांचे पिठले-भाकरीचे छोटेसे खोपटे आहे आणि रोज सकाळी त्या पिंडीवर पाणी घालायला येतात. त्यांनी लुगडे वर खोचले होते आणि त्या घरातल्या घरात फिराव्यात तशा सहज चालत होत्या. शाबूत खांबापाशी आईचा तोल किंचित गेला आणि आधारासाठी तिने त्याच्याकडे हात नेला. मावशींनी चटकन तिचा दंड पकडला.

"माझ्या खांद्याला धरा, ताई. त्याला टेकू नका. एकटा ऱ्हायलाय तो."

त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती. घरातल्या थकल्या माणसाबद्दल आपण पाहुण्यांना हळूच सुचवतो, तसा तो सूर होता. आईने लगेच हात मागे घेतला आणि उरलेली प्रदक्षिणा मावशींच्या खांद्यावर हात ठेवून पुरी केली. एवढीशी गोष्ट, पण मी ती विसरणार नाही. दंतकथांना भाकडकथा म्हणून बाजूला सारणारे लोक मला नेहमी भेटतात. त्यांना मी आता ही गोष्ट सांगते. खांब पडला की जग बुडते, असे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मानले, त्यांनीच त्याला हात न लावण्याची शिस्त पाळली. त्याच गुहेत त्याच सकाळी काही तरुण पाण्यात उड्या मारत होते, मोठ्याने गाणी लावत होते, आणि एकाने तर फोटोसाठी खांबाला मिठी मारली. भिंतीवर खडूने आणि टोकदार दगडाने लिहिलेली नावेही दिसली. त्यांनी ही कथा मोबाईलवर वाचलेली असणारच. पण ती कुणाच्या तोंडून, कुणाच्या शेजारी उभे राहून ऐकलेली नसावी. एरवी मी कुणाला टोकत नाही, त्या दिवशी मात्र टोकले. ते मुलगे खरोखर ओशाळले आणि बाहेर पडले, हेही नमूद करायला हवे.

गुहेच्या एका अंगाला कोरलेली खोली आहे आणि तिथे भिंतीवर शिवपूजेचा प्रसंग दाखवणारे शिल्प आहे. तेही घाई न करता पाहावे.

दुपारी मावशींच्या खोपट्यात नाचणीची भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा खाऊन आम्ही कोकणकड्यापर्यंत जाऊन आलो. अर्धगोल, आत वळलेला तो अजस्र कडा आणि खाली पसरलेला कोकण यांवर इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. १८३५ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला या कड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोलाकार इंद्रधनुष्य, दिसले होते. त्यासाठी पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुके लागते. आम्ही गेलो तेव्हा आकाश निरभ्र होते.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगते, की शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, ओले कपडे बदलण्याची सोय बरोबर ठेवा, आणि गुहेत शिरल्यावर पाच मिनिटे कुणीही काही बोलू नका. छतातून टपकणारा थेंब पाण्यावर पडल्याचा आवाज ऐकायला तेवढा वेळ लागतो.

दिवेलागणीला आम्ही आजीच्या घरी परतलो. आजी ओट्यावर वाट पाहत बसली होती. देवळाचे, वाटेचे काही न विचारता तिने आधी खांबाचे विचारले. आईने "आहे गं, उभा आहे," असे सांगितल्यावर तिने डोळे मिटून हात जोडले. मग पिशवीतले ओले कपडे वाळत घालायला ती स्वतःच उठली. सकाळपासून पिशवीत घट्ट दाबून राहिलेली आईची ती सलवार अजून गार होती. आजीने ती दोरीवर टाकली, आणि गुहेतले पाणी कापडावर कुठपर्यंत चढले होते, ते बोटांनी चाचपत ती कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली.