दिवे पाच, एक गळका

आषाढ अमावस्या, रात्री साडेदहा

फ्रिजवरचा तक्ता आज सलग तिसऱ्या दिवशी कोरा. पुटी (बोटांच्या व्यायामाचा चिवट, मातीसारखा गोळा) दाबणे, १० मिनिटं. अस्वलचाल, खोलीच्या ४ फेऱ्या. भिंतीवर लावलेल्या कागदावर उभ्या-आडव्या रेघा. कपड्यांचे चिमटे, २०. सोहमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतलेला सराव) मॅडम आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास घेतात. १६८ तासांतला दीड तास त्यांचा, उरलेला आपला. म्हणून हा तक्ता.

सोहमला सहावं संपत आलंय. स्नायूंचा टोन, म्हणजे मुळातला घट्टपणा, कमी. बसला की पोतं कलंडावं तसा कलंडतो, नाहीतर दोन्ही पाय मागे दुमडून इंग्रजी डब्ल्यूसारखा फतकल मारतो. पेन्सिल मुठीत. दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतो, आणि तो खरंच दुखत असतो. शाळेच्या वहीत ‘आळस करतो’ असा शेरा आला होता, त्या दिवशी मी जेवले नव्हते.

लिहिता येत नाही म्हणून दाखवायला नेलं, तर मॅडमनी त्याला रांगायला लावलं! मनात म्हटलं, पैसे गेले. मग त्यांनी समजावलं: पाठ-पोट आणि खांदा घट्ट धरून ठेवणार नसेल तर बोटांनी कोणाच्या जिवावर काम करायचं? अस्वलासारखं चाललं की शरीराचं वजन तळहातांवर आणि खांद्यांवर येतं. उभ्या भिंतीवर रेघा मारताना मनगट आपोआप मागे वळतं आणि खांद्यालाही काम मिळतं. सांध्यांवर भार आला की आपले हातपाय कुठे आहेत हे मेंदूला नीट कळतं म्हणे. जीन एअर्स नावाच्या अमेरिकन ओटीबाईंनी १९६०-७० च्या दशकांत मांडलेला विचार आहे हा. मला त्यातलं निम्मं कळलं, पण अस्वलचाल पटली.

तरी पहिले सहा महिने मी खरेदीच केली. वजनाचं जॅकेट आणलं, दोन दिवस घातलं, आता ते माळ्यावर आहे. जाड पकडीच्या पेन्सिलींचा अख्खा संच आणला. आणि कामाला काय आलं, तर मोडके खडू. बोटाच्या पेराएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. मॅडम म्हणाल्या, नवे खडू आणले की आधी मोडा. माझ्या हाताला ते अजून जमत नाही, दरवेळी जीव हळहळतो.

पुटीचं मात्र गणित फिसकटलंय. दोष माझाच. मोबाइलवर दहा मिनिटं लावून समोर बसते, ‘दाब, अजून दाब, शाब्बास’ करत. तो आवाज माझा मलाच परका वाटतो. परवा केर काढताना पुटी सोफ्याखाली सापडली, केसांसकट. विचारलं तर म्हणाला, “ती झोपलीये.”

आज दिव्याची अवस. गावाची गटारी, आमच्याकडे दिवे. सासूबाईंनी सकाळीच समया, निरांजनं, लामणदिवा सगळं काढलं आणि चिंचेचा कोळ सोहमच्या पुढ्यात ठेवला. मी ‘आई, तो सांडेल’ म्हणेपर्यंत त्याचे दोन्ही हात कोळात. समईचा दांडा एका हाताने धरायचा, दुसऱ्याने घासायचं. दोन हातांना दोन वेगळी कामं, ज्यासाठी मॅडम त्याला मणी ओवायला देतात आणि तो मणी भिरकावतो.

दुपारी गुळाच्या पाण्यात कणीक भिजवली. सासूबाईंची कणीक दगड, आपली लाटायची नव्हे. “सैल झाली तर दिवा बसतो गं.” सोहम पाटावर, मांडी घालून. (मांडी! मी ओट्याशी उभी राहून नुसती बघत राहिले, बोलले असते तर त्याने मोडली असती.) त्याने गोळा घेतला, तळहातांत फिरवला, तो लांबट झाला. पुन्हा फिरवला. मग अंगठा खुपसला. अंगठा आत जाईना. त्याने जीभ बाहेर काढली, खांदा वर चढवला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा त्या अंगठ्यावर ठेवून जोर दिला. कणकेत खळगा पडला. मग चिमटीने कड वर घेत गेला. दोन बोटं आणि अंगठा, तीच ती पकड, जिच्यासाठी मी अडीच वर्षं जीव काढतेय.

“आजी, वातीला नाक कर ना.”

“तूच कर. माझे हात भरलेत.”

त्याने केलं. चौथ्या दिव्याला हात दुखतोय म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, “दुखू दे, थांब मग.” तो थांबला, कच्च्या कणकेचा गोळा तोंडात टाकला, आणि आपणहून पाचवा घेतला. मी असते तर ‘शेवटचा एकच’ म्हणून मागे लागले असते, नि पाचवा झालाच नसता.

एका दिव्याला अंगठा आरपार गेला होता. उकडल्यावरही भोक तसंच. संध्याकाळी पाटावर मांडले तेव्हा तोच दिवा मधे हवा, असा त्याचा हट्ट. तूप खालून पाझरायला लागलं तशी सासूबाईंनी खाली वाटी सरकवली.

आत्ता तक्त्यापुढे उभी आहे. उद्या मॅडम बघतील. ‘पुटी, १० मिनिटं’पुढच्या रकान्यात लिहिलंय: दिवे ५, एक गळका.