कडवं सुरू झालं की पाय आवरा

'ला बाम्बा' आपल्याकडे पोचलं ते १९५८च्या रॉक अँड रोल अवतारात. त्याचं माहेर मात्र मेक्सिकोच्या आखाताकाठी, वेराक्रूस राज्यात. इथल्या या संगीताला सोन हारोचो म्हणतात आणि ते वाजतं फांदांगोत, म्हणजे गावकऱ्यांच्या गाण्या-नाचण्याच्या मेळाव्यात. मंच नाही, माइक नाही, तिकीट नाही. मधोमध तारिमा, म्हणजे नाचायचा लाकडी पाट, भोवती वाजवणारे. सगळ्यात आत जाणकार, नवशिकी पोरं मागच्या फळीत. मागे उभं राहायला इथे कुणालाच कमीपणा वाटत नाही, कारण पुढच्याच्या उजव्या हाताकडे बघत शिकायची तीच जागा.

हा उजवा हात म्हणजे अर्धं शिक्षण. पोरांच्या हातात असते हाराना, छोट्या गिटारसारखी. सेद्रो नावाच्या लाकडाचा एकच ठोकळा कोरून केलेली, आठ तारांची. कडेच्या दोन तारा एकेकट्या, मधल्या सहांच्या तीन जोड्या. नेहमीची जुळणी सोल-दो-मी-ला-सोल (इंग्रजीत जी-सी-ई-ए-जी). युकुलेले वाजवणाऱ्यांना पहिले चार स्वर ओळखीचे वाटतील, शेवटचा 'सोल' तेवढा जास्तीचा. 'दो' कॉर्डला एकच बोट लागतं: 'ला'च्या जोडीवर तिसरा पडदा. त्यात 'फा' आणि 'सोल सात' मिळवले की 'ला बाम्बा' झालं. डाव्या हाताचं काम दोन दिवसांत उरकतं.

उजव्याला वर्षं लागतात. या छेडण्याला मानिको म्हणतात. हालचाल मनगटातून हवी. नवखा कोपरातून हाणतो, तासाभरात दंड भरून येतो, आणि फांदांगो तर पहाटेपर्यंत चालायचा असतो. दुसरी चूक त्याहून वाईट: कॉर्ड बदलताना डावा हात अडखळला की उजवाही थांबतो. शिकवणारे बजावतात, कॉर्ड चुकली तर चुकू दे, हात थांबवू नकोस. पंधरा हारानांत एक चुकीची कॉर्ड विरघळून जाते, थांबलेला हात लगेच दिसतो.

लय आपल्याला फार परकी नाही. दादऱ्याच्या सहा मात्रा घ्या. एका थराला त्या तीन-तीन अशा मोजल्या जातात, दुसऱ्याला दोन-दोन-दोन, आणि दोन्ही एकाच वेळी चालतात. लयकारी घोटलेल्याला हे कागदावर सोपं वाटेल. (कागदावर.) शेजारचा दोन-दोन धरून पाय आपटत असताना स्वतःचे तीन-तीन सांभाळणं ही वेगळीच परीक्षा, आणि तिला आपल्या प्रवेशिका-प्रथमासारखं प्रमाणपत्र नाही.

पाय आपटणं म्हणजे सापातेआदो, आणि तारिमा हे त्याचं वाद्य: पोकळ लाकडी पाट, टाच कडक असली तरच बोलणारा. फळी सैल असेल तर खरखरते. पहिला पाठ बोलांचा: का-फे-कॉन-पान, म्हणजे कॉफी आणि पाव. आपण असतो तर चहा-खारी म्हटलं असतं, अक्षरं तेवढीच भरतात. तोंडाने बोल पक्का झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

आता नियम. कुणी कडवं गायला तोंड उघडलं की तारिमावरच्यांनी ठोके मऊ करायचे, पाय जवळजवळ घासत न्यायचे. हारानांनीही उतरायचं. कडवं संपलं की पुन्हा धडाका. बारा वर्षांच्या मुलीही हे न सांगता करतात, आणि बघणाऱ्याला पुण्यातली ढोल-ताशा पथकं आठवतातच. तिथे असा नियम नाही. पण पथकात गाणंच नाही, मग पाय आवरायचे कुणासाठी? आणि अभंगाच्या चरणाखाली दबून वाजणारा भजनातला पखवाज इथे कुणाला माहीत आहे? आपल्याकडे हे शिकवतात, फक्त वर्ग भरवून नाही. तरी एक मान्य करायला हवं: इथे ते लहान मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात.

हेही आपोआप टिकलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात सोन हारोचो पांढऱ्या पोशाखातला, सुसाट वेगाचा रंगमंची खेळ झाला होता आणि गावांतले फांदांगो ओसरत होते. १९७७मध्ये मोनो ब्लांको हा गट उभा राहिला, जुन्या वादकांना शोधून त्यांच्यासोबत वाजवू लागला. त्या सुमारापासून वेराक्रूसमधल्याच त्लाकोताल्पान गावी कांदेलारियाच्या सणात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, हाराना वाजवणाऱ्यांचा मेळा भरतो. आजच्या गावोगावच्या कार्यशाळा त्याच लाटेतून आल्या.

हवेचं मात्र कुणी काही करू शकत नाही. आखाताकाठी दमट, त्यात लाकडी खुंट्या. त्या फुगून अडकतात, नाहीतर सुकून घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला खडू घासतात. नव्या नायलॉन तारा काही दिवस ताणत राहतात, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी तार बदलायची नाही.

सोन, म्हणजे यातलं एकेक गाणं, सुरू करतो रेकिंतो: हाही गिटारसारखाच, पण चार तारांचा, शिंगाच्या लांब पट्टीने छेडायचा. तो चाल सांगतो, मग हाराना शिरतात. संपवायला कुणीतरी ओरडतं, "ऊना!" त्याबरोबर एक शेवटचा फेर, आणि सगळे एकदम गप्प. ज्याला ऐकू आलं नाही, त्याची हाराना एकटीच पुढे वाजते, आणि मागच्या फळीतली असली तरी ती सगळ्यांना ऐकू जाते.