मयतावर गुन्हा नोंदवला की फाईल लवकर मिटते

माझा मावसभाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला. तो सरळ चालला होता, समोरून आलेली मोटार दुभाजकाच्या पंक्चरमधून, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेतून, उजवीकडे वळली आणि तो तिच्या डाव्या दारावर आदळला. एफआयआर हातात पडला तेव्हा त्यात फिर्यादी होता एक हवालदार आणि आरोपी होता मयत. भरधाव वेगाने, हयगयीने मोटरसायकल चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत! मावशीला हे कसं वाचून दाखवायचं, सांगा.

रुग्णालय, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन, मृत्यूचा दाखला हे सगळं बिनबोभाट पार पडलं. तिथली माणसं चांगली होती. अडलं ते पोलीस ठाण्यात.

तपासी अंमलदारांचा पहिला प्रश्न होता, "हेल्मेट होतं का?" होतं. फुटलेलं हेल्मेट त्याच्या मित्राने रस्त्यावरून उचलून ठेवलं होतं, घटनास्थळ पंचनाम्यात मात्र त्याचा उल्लेखच नव्हता. मग दुसरा प्रश्न, "एवढी मोठी गाडी कशाला लागते हो?" मी विचारलं, "साहेब, वेग कशावरून काढलात?" तर म्हणाले, "रस्त्यावर ब्रेकच्या खुणाच नाहीत. म्हणजे ब्रेक मारलाच नाही. ही पोरं गाड्या चालवत नाहीत, उडवतात."

आता हे नीट ऐका, कारण तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते. 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाक्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून जोरात ब्रेक दाबला तरी काळा पट्टा बहुधा उमटत नाही. खुणा नाहीत एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हे मी दोनदा समजावलं. साहेबांनी चहा मागवला.

मोटारचालकाचा जबाब तर ऐकण्यासारखा आहे. "मोटरसायकल मला दिसलीच नाही." माझ्या मते ही कबुली आहे, कारण वळणाऱ्याने थांबून बघायचं असतं. साहेबांच्या मते हा पुरावा होता, की मोटरसायकल इतक्या वेगात आली की दिसलीसुद्धा नाही. समोरून येणारी दुचाकी अरुंद दिसते, तिचं अंतर आणि वेग यांचा अंदाज चुकतो, हे रस्ता सुरक्षेवर काम करणारे कित्येक वर्षं सांगत आलेत. मोटारीतल्या माणसाची नजर चुकली की तो अपघात, आणि दुचाकीवरचा मेला की त्याचा माज. असा हिशोब आहे.

केंद्र सरकारच्या अहवालात 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेल्याची नोंद आहे. त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची. एकूण मृत्यूंपैकी 71 टक्क्यांचं कारण अतिवेग. हा आकडा सगळे तोंडावर फेकतात, पण रकाने भरतं कोण? असाच एखादा अंमलदार, असंच टेबल. लोक वेगात चालवत नाहीत असं मी म्हणत नाही, चालवतात. पण न मोजता लिहिलेला वेग म्हणजे नुसतं मत.

खरं कारण ठाण्यातल्याच एका जुन्या जमादारांनी बाहेर पानाच्या टपरीवर सांगितलं. मयतावर खटला चालत नाही. गुन्हा त्याच्यावर दाखवला की अबेट समरी, म्हणजे आरोपी मयत असल्याने प्रकरण संपल्याचा अहवाल, कोर्टात पाठवायची, फाईल बंद. कोर्टाच्या तारखा नाहीत, साक्षीदार नाहीत. त्यानंतर माझा राग थंड झाला आणि डोकं चालायला लागलं.

तोंडी बोलणं बंद केलं. प्रत्येक गोष्ट लेखी अर्जाने, आवक शिक्क्याची पोच घेऊन. अर्जात एवढंच: वळणाच्या जागेची मापं घ्या, मोटारीच्या डाव्या दाराचे फोटो जोडा, हेल्मेट मुद्देमालात घ्या, मित्राचा पुरवणी जबाब नोंदवा, शेजारच्या पंपाचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) जप्त करा. डीव्हीआरवर जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, त्यामुळे हा अर्ज सगळ्यात आधी. चित्रणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. आणि हो, मोटार सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मालकाच्या ताब्यात परत, सुटून गॅरेजला जायच्या आत तिचे फोटो काढून ठेवा. दार बदललं की पुरावा गेला.

ठाण्यात ढिम्म हललं नाही म्हणून सगळ्या पोचांच्या प्रती लावून पोलीस अधीक्षकांकडे अर्ज केला. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. या बाई जागेवर आल्या, टेप धरून मापं घेतली, पंपाचं चित्रण चार वेळा मागेपुढे करून पाहिलं. दुचाकी आवडते का नावडते हे त्यांनी बोलूनही दाखवलं नाही. मोटारचालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) (हयगयीने मृत्यू घडवणं) आणि 281 (बेदरकारपणे वाहन चालवणं) खाली दोषारोपपत्र गेलं. त्या दिवशी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो, खोटं कशाला बोलू.

एक राहिलंच. 2022 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत. तुमचे हक्क सांगणारा एक नमुनाही 10 दिवसांत द्यायचा असतो. आम्हाला तो मागितल्यावर मिळाला. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 नुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. आमच्याकडे फिर्यादीच हवालदार, म्हणून अर्जात "पीडिताचे नातेवाईक" असं स्पष्ट लिहा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली भरपाई मागायची तर समोरच्याची चूक दाखवावी लागते, म्हणून एफआयआरमधला तो मजकूर नुसता अपमान नव्हता, दाव्याच्या मुळावर येणारा होता. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा, तपास रखडला असला तरी थांबू नका. अपघात परजिल्ह्यात झाला म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो दाखल करता येतो.