उलटा बसलेला फलक

पुण्यात मी प्लास्टरच्या प्रतिकृती करून देतो. एका शाळेच्या प्रदर्शनासाठी धोलावीरा या सिंधू संस्कृतीच्या प्राचीन नगरातील चिन्हफलकाची मूळ आकाराची प्रतिकृती करण्याचे काम माझ्याकडे आले आणि मोजमापांचा कागद पाहताच मी चकित झालो. कच्छच्या रणातील खडीर बेटावर पुरातत्त्वज्ञ आर. एस. बिश्त यांच्या नेतृत्वाखाली १९९० पासून झालेल्या उत्खननात, उत्तर दरवाजालगतच्या एका खोलीत हा फलक मिळाला. त्यावर सिंधू लिपीची दहा चिन्हे असून प्रत्येक चिन्ह सुमारे ३७ सेंटिमीटर उंच, तर फलक सुमारे ३ मीटर लांब आहे. जी लिपी एरवी दोन-तीन सेंटिमीटरच्या मुद्रांवर, म्हणजे ठसा उमटवण्याच्या शिक्क्यांवर, दिसते, ती येथे दुरूनही नजरेत भरेल एवढी मोठी होती. लाकडी फळी केव्हाच कुजून गेली; तिच्यावर बसवलेले जिप्समचे तुकडे मात्र आपापल्या क्रमाने मातीत राहिले. (आमचे प्लास्टरही जिप्सम भाजूनच तयार होते, त्यामुळे हे काम मला घरचेच वाटले.)

दर्शनी बाजू सपाट यावी म्हणून मी कापलेले तुकडे टेबलावर पालथे मांडून मागून प्लास्टर ओततो. त्यासाठी खालचे रेखाटन उलटे घ्यावे लागते. घाईत मी ते सुलटेच अंथरले. फलक उताणा केल्यावरही चूक लक्षात आली नाही, कारण आरे असलेल्या चाकासारखे चिन्ह त्यात चार वेळा येते आणि ते आरशातही तसेच दिसते.

पाहणीसाठी आलेल्या पुरातत्त्वाच्या निवृत्त प्राध्यापिका क्षणभर थांबून म्हणाल्या, "अहो, ही तुम्ही मुद्रा केलीत, फलक नव्हे." मुद्रेवर चिन्हे उलटी कोरत, म्हणजे मातीवर ठसा सुलटा उमटे, हे त्यांनी समजावले. ही लिपी बहुधा उजवीकडून डावीकडे लिहीत. राजस्थानातील कालीबंगन या सिंधू संस्कृतीच्या स्थळी मिळालेल्या एका खापरावर नंतरची रेघ आधीच्या रेघेवर चढलेली पाहून पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी ही दिशा दाखवून दिली होती. लिपी अजून वाचता आलेली नसली तरी लिहिणाऱ्याचा हात कोणत्या बाजूने सरकला हे त्यावरून कळते, याचे मला फार नवल वाटले. शंखजिऱ्याच्या, म्हणजे मऊ दगडाच्या, अंगठ्याएवढ्या तुकड्यावर रोज उलटे कोरणाऱ्या त्या कारागिरापुढे माझी चूक अधिकच ओशाळवाणी होती.

तो फलक मी फोडला. दुसऱ्या वेळी चाके बाजूला ठेवून, डावी-उजवी बाजू वेगळी असलेली चिन्हे आधी मांडली आणि आरसा धरून खात्री केल्यावरच प्लास्टर कालवले.