तुम्ही विचारलंत म्हणून : पत्ता माहीत असून कर्नलची मेमरी का वाचता येत नाही?

लिनक्सचे ड्रायव्हर (कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, जोडायचे कोडचे तुकडे) लिहायला शिकवतो, त्यामुळे दर बॅचला कुणीतरी विचारतंच, “सर, कर्नलमधल्या व्हेरिएबलचा ॲड्रेस तर मिळाला. पॉइंटरमध्ये टाकला, तिथलं वाचलं, की झालं ना?”

टाकून बघा. साध्या युजरने ‘/प्रॉक/कॅलसिम्स’ ही कर्नलमधल्या नावांची आणि पत्त्यांची यादी उघडली तर पत्त्यांच्या जागी नुसती शून्यं दिसतात. रूट (सर्वाधिकारी युजर) होऊन उघडली की ‘जिफीज’चा, म्हणजे कर्नलच्या टिका मोजणाऱ्या आकड्याचा, खरा पत्ता दिसतो. तो पॉइंटरमध्ये घालून वाचायला गेलात की सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रॅम तिथेच बंद. रूट असूनही! इथे पोरं चक्रावतात. अहो, रूट ही कर्नलच्या वहीतली नोंद. प्रोसेसरला तिचं सोयरसुतक नाही. तो पेज टेबलातला (मेमरीच्या पानांची यादी असते ती) एक बिट बघतो : हे पान युजरसाठी आहे की नाही. नसलं तर तिथेच अडवतो. (जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली तेव्हा कळलं, की इंटेलचे तेव्हाचे बरेच प्रोसेसर अडवायच्या आधी आगाऊ वाचून ठेवतात आणि त्याचा माग कॅशेमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या जलद मेमरीत, उरतो.)

आमची आजी सोवळ्यात असली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरून मागायचं. ती वरून वाढायची, ताटाला न शिवता. ‘कॉपी टू युजर’ हे कर्नलमधलं फंक्शन हेच करतं : कर्नलमधला डेटा तुमच्या बफरमध्ये वाढतं. छोटा ड्रायव्हर लिहा, त्यात रीड फंक्शन द्या, तिथून ‘कॉपी टू युजर’ बोलवा. मोठा बफर असेल तर एममॅप, म्हणजे ती पानंच युजरच्या प्रोसेसमध्ये जोडून द्यायची.

आता माझी फजिती. एकदा कंटाळा करून मी ‘कॉपी टू युजर’च्या जागी साधं मेमकॉपी (पत्ता न तपासता बाइट उचलून ठेवणारं फंक्शन) लिहिलं. जुन्या लॅपटॉपवर महिनाभर बिनबोभाट चाललं. गिऱ्हाइकाच्या नव्या मशीनवर पहिल्याच रीडला कर्नल ऊप्स, म्हणजे खुद्द कर्नलमध्येच गंभीर चूक. त्या प्रोसेसरमध्ये एसमॅप होतं, म्हणजे कर्नलनेही युजरच्या पानांना थेट शिवायचं नाही. बरं झालं फुटलं ते. कुणी बफर म्हणून कर्नलचाच पत्ता दिला असता, तर माझा कोड मुकाट तिथे लिहून मोकळा झाला असता.

“मग ‘/डेव्ह/केमेम’?” कर्नलची मेमरी फाइलसारखी उघडून देणारं ते डिव्हाइस 2021 मध्ये, लिनक्स 5.13 पासून, काढूनच टाकलं. नुसतं बघायचं असेल तर ‘/प्रॉक/केकोअर’ला (कर्नलची मेमरी वाचण्यापुरती दाखवणारी फाइल) जीडीबी हा डीबगर लावा, रूट होऊन.

आणि जिफीज कशाला हवंय विचारलं, तर बहुतेकांना फक्त वेळ मोजायची असते. त्याला ‘क्लॉक गेटटाइम’ हे फंक्शन आहे. त्यासाठी लागणारे आकडे कर्नलने स्वतःच एका पानावर काढून, फक्त वाचण्यापुरते, तुमच्या प्रोसेसमध्ये ठेवलेले असतात. बहुतेक वेळा सिस्टिम कॉलसुद्धा (कर्नलला हाक मारणं) लागत नाही.