काळ्या वायरला टेस्टर पेटला

नेरूळला सिडकोच्या एका जुन्या रो-हाऊसमध्ये इन्व्हर्टरचं काम होतं. मेन डीबीशेजारी (डीबी म्हणजे घरभर वीज वाटणारी स्विचांची पेटी) छोटा डीबी बसवायचा आणि बेडरूमचं सर्किट त्यावर घ्यायचं, एवढंच. काका ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या मशीनवर. वीज गेली की मशीन पीं-पीं करायचं आणि काकू सिलिंडर लावायला धावायच्या.

१ केव्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर, १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी. म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. मशीन ३५० वॅट खातं, त्या हिशेबाने पाच तास. पंखा, ट्यूब आणि इन्व्हर्टरमध्ये जाणारी घट धरून मी काकूंना तीनच सांगितले.

काम सुरू करताना मेन बंद करायला हवा होता. पण काकू म्हणाल्या, "दादा, हॉलचा पंखा तेवढा राहू दे हो, जीव नकोसा होतो." मी ऐकलं. चूक माझीच. बेडरूमचा एमसीबी, म्हणजे त्या सर्किटचा डीबीतला स्विच, पाडला, लाल म्हणजे फेजच्या वायरला टेस्टर लावला, पेटला नाही. न्यूट्रल लिंकवर, म्हणजे करंट परत आणणाऱ्या वायरी जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीवर, काळ्या वायरींचा जुडगा, एकालाही नंबर नाही. बेडरूमची म्हणून जी काळी वाटली ती हेल्परने सोडवली आणि चर्रकन ठिणगी उडाली. हॉलचा पंखा थांबला. सुटलेल्या काळ्या टोकाला टेस्टर लावला, तर लखलखीत पेटला!

डीबी पॅसेजमध्ये होता म्हणून बरं. आत काका सिलिंडरवर होते, आणि ऑक्सिजनजवळ ठिणगी नकोच.

आधी मेन बंद केला, मग हेल्परचा हात पाहिला. स्क्रूड्रायव्हरची मूठ चांगली होती म्हणून त्याला काही झालं नाही. प्रकार असा की हॉलच्या पंख्याचा करंट बेडरूमच्या न्यूट्रलमधून परत येत होता. मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बोर्ड. कधीतरी कुणीतरी भोक पाडून, वायर वाचवायला, तिकडचाच न्यूट्रल इकडे जोडून घेतला होता. वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही, कारण दोघांचा न्यूट्रल शेवटी एकाच लिंकवर.

पण नव्या डीबीत मी ३० मिलीअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवणार होतो. ती फेजने गेलेला आणि न्यूट्रलने आलेला करंट ताडून बघते. फरक पडला की पडते. हॉलचा करंट जाताना मेन डीबीतून आणि येताना हिच्यातून, म्हणजे हॉलचा पंखा लावताच काकांचं मशीन बंद. काही वायरमन अशा वेळी आरसीसीबीच काढून टाकतात. मी हॉलला नवा न्यूट्रल ओढायचं ठरवलं.

भिंतीतल्या पाइपात वायर ओढायची स्प्रिंग घातली, तर चार फुटांवर अडकली. सिमेंट. दुसरीकडून घातली, तिथेही तेच. शेवटी भिंतीवरून वायरीची पट्टी मारावी लागली, तीही नव्या रंगावर. काकूंचा चेहरा बघवेना.

संध्याकाळी काका मशीनवर आले. मी मेन पाडला. हॉल बंद, बेडरूमचा पंखा चालू, मशीनची घरघर तशीच, पीं नाही. मेन चढवला आणि काकूंनाच हॉलचा पंखा लावायला सांगितला. त्यांनी तो तीनदा चालू-बंद केला, प्रत्येक वेळी आत जाऊन मशीन बघून आल्या.

"आता पट्टीला रंग कोण देणार?" त्या म्हणाल्या.