जोडाच्या अलीकडे, जोडाच्या पलीकडे

फिल्म तपासायचं माझं काम हाताचं आहे. रिवाइंडरवर रीळ चढवायचं, सुती हातमोजे घालायचे, पट्टी दोन बोटांत हलकी धरायची आणि दांडा सावकाश फिरवायचा. पट्टीच्या कडेची फाटलेली छिद्रं आणि जुने जोड डोळ्यांआधी बोटांना कळतात.

त्या दिवशी एका बंद पडलेल्या फिल्म सोसायटीच्या कपाटातली १६ मिमीची प्रत टेबलावर आली होती. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याचा १९२८ सालचा 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'. एका कॉलेजला ती दाखवायची होती. डबा उघडला तसा जुनी फिल्म खराब होऊ लागल्याचा व्हिनेगरसारखा वास आला, पण सौम्य. पट्टी अजून आकसली नव्हती. शेवटच्या रिळापर्यंत सगळं ठीक होतं. मग वादळाच्या प्रसंगात बोटं अडखळली. एक जोड, थोड्या अंतरावर दुसरा, छिद्रांच्या कडा उसवलेल्या, उभे ओरखडे. एवढ्याच पाच-सहा फुटांची ही दशा का, म्हणून पट्टी दिव्याच्या काचेवर ठेवली आणि भिंग लावलं.

घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनवर कोसळते, तो प्रसंग. वरच्या उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्याभोवती येते, म्हणून तो वाचतो. भिंत खरीच होती, वजन दोन टनांच्या घरात, आणि मोकळी जागा अंगाभोवती काही इंचांची. उभं कुठे राहायचं, त्याची खूण म्हणजे जमिनीत ठोकलेला एक खिळा.

एक जोड नेमका भिंत पडता पडता आला होता. फिल्म चिकटवायच्या सिमेंटने जोडताना कुणीतरी काही फ्रेम कापल्या होत्या. मी जोडाच्या अलीकडची फ्रेम पाहिली, मग पलीकडची. भिंत बरीच खाली आली होती. माणूस तिथेच. खांदे उचललेले नाहीत, मान आखडलेली नाही. मी पुन्हा पाहिलं, आणि नंतर कितीतरी वेळ रिवाइंडरला हात लावला नाही.

असं उभं राहणं तो स्टुडिओत शिकला नव्हता. १८९५ मध्ये कॅन्ससमधल्या पिक्वा गावी, मुक्काम दर मुक्काम फिरणाऱ्या नटांच्या घरात तो जन्मला. वॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात गाणं, जादू, कसरती, नकला असं सगळं दाखवणारी रंगभूमी. तिथे आई, बाप आणि मुलगा 'थ्री कीटन्स' म्हणून उभे राहायचे. बाप पोराला फेकायचा. धरायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यावर पाठीकडे सुटकेसची मूठ शिवलेली असे. आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात हे त्याला लहानपणीच कळलं, आणि तो निर्विकार चेहरा आयुष्यभर टिकला. हे सगळं लोक कौतुकाने सांगतात. मला त्या मुठीचा विचार सहन होत नाही.

१९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आठवड्याला २५० डॉलरचं काम ठरलेलं असताना तो विनोदी चित्रपट करणाऱ्या रोस्को आर्बकलच्या स्टुडिओत गेला. तिथला कॅमेरा त्याने सुटा करून पुन्हा जोडला, आणि आठवड्याला ४० डॉलरवर तिथेच राहिला. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा हा माणूस मला माझ्या टेबलाजवळचा वाटतो. पुढे बोलपट आले, स्वतःच्या कामावरचा ताबा गेला, आणि त्याला दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी विनोद सुचवण्याची नोकरी करावी लागली. त्याच्या जुन्या बंगल्यात राहायला आलेल्या जेम्स मेसन या नटाला तिथे त्याच्या चित्रपटांची रिळं सापडली, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते.

दुपारी त्या सोसायटीत प्रोजेक्टर चालवणाऱ्या काकांना फोन लावला. "काका, एवढाच भाग कसा झिजला?"

"अगं, लोक सोडायचेच नाहीत. भिंत पडली की पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा. मग मी रीळ उलटं फिरवायचो. दर खेळाला." जरा थांबून म्हणाले, "माझ्यामुळे खराब झालं का गं?"

"नाही काका," मी म्हटलं.

सिमेंटचे दोन्ही जोड सोडवून तिथे टेप लावली. टेपच्या जोडाला फ्रेम कापावी लागत नाही. डब्यावर चिठ्ठी चिकटवली: शेवटचं रीळ, वादळ, छिद्रं अशक्त, उलटं फिरवू नये. मग काकांना पुन्हा फोन करून कॉलेजातल्या खेळाची वेळ सांगितली.